फोटोतले हात

तात्या वर्तमानपत्र वाचायचे ते समोर मोर्चा उभा असल्यासारखे. लालबागच्या त्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर सगळ्यांत मिळून एकच अंक यायचा. सकाळच्या पाळीची माणसं गिरणीत गेली की तात्या गॅलरीत खुर्ची टाकत आणि अंक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचत. आधी संयुक्त महाराष्ट्र. त्यातली बातमी मनासारखी असली तर दोनदा. मग खून, मग बाजारभाव, आणि शेवटी खालच्या कोपऱ्यात उरलंसुरलं असेल ते. दिवाळी पाच दिवसांवर आली होती. आनंदीबाई दारात बसून चकल्या पाडत होती आणि एक कान तिकडे ठेवून होती. मुंबई मिळणार की नाही हा प्रश्न तिने केव्हाच मुलावर, रामदासवर, सोडून दिला होता. तो मोर्चाला गेला की तिच्या वाटणीचंही ओरडून यायचा. "विलायतेत अणुभट्टीला आग," तात्यांनी वाचलं. "भट्टीतली घातक द्रव्यं वाऱ्याबरोबर कुरणांवर पडली. ते गवत गाईंनी खाल्लं. आसपासच्या गावांतलं सगळं दूध गटारात ओतून टाकण्याचा हुकूम. लहान मुलांना अपाय होण्याचा संभव. दुधाचा रंग, वास, चव यांत काहीही फरक नाही." पलीकडचे शामराव म्हणाले, "गटारात कशाला, आमच्याकडे पाठवा म्हणावं. चहा करून पिऊ." गॅलरी हसली. तात्यांनी पान उलटलं. आनंदीबाईच्या हातातली चकली मात्र अर्ध्यातच राहिली. रंग नाही, वास नाही, चव नाही. हे आपण कुठे तरी ऐकलंय, अगदी ह्याच चालीवर, आणि तेव्हा आपण हसलो होतो, एवढं तिला आठवलं. कुठे ते आठवायला थोडा वेळ लागला. आठवलं तेव्हा तिने सोऱ्या खाली ठेवला आणि स्टो विझवला.

जयवंत म्हणाला होता. सात वर्षांपूर्वी, परळच्या फोटोच्या दवाखान्यात तो नवा नवा लागला तेव्हा. छातीचा किंवा हाडांचा एक्स-रे काढायचा म्हणजे आनंदीबाईच्या भाषेत फोटो, आणि दवाखाना म्हणजे फोटोचा दवाखाना. जयवंत मशीन चालवायचा. वरळीच्या बीडीडी चाळीतून यायचा, इंग्रजी पुस्तकं घेऊन बसायचा, आणि पहिली दोन वर्षं तिने त्याच्या हातचा चहा घेतला नव्हता. तिसऱ्या वर्षी घेतला. का घेतला हे तिने त्याला सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. गेल्या वर्षीच्या दसऱ्याला तो नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आला तेव्हा त्याने दवाखान्यात सगळ्यांना पेढे दिले, तिला पहिल्यांदा. तर तो सुरुवातीला म्हणाला होता, "मावशी, हे दिसत नाही, वास येत नाही, हाताला लागत नाही. पण माणसाच्या आरपार जातं." आणि ती म्हणाली होती, "म्हणजे देवच की रे." दोघंही हसले होते. किती सहज म्हणाली होती ती. तोंडाला कुलूप नसणं हा आपला गुण आहे असं तिला तेव्हा वाटायचं.

एकवीस वर्षं ती तिथे पोरं धरत होती. दुसरं काम असं तिचं नव्हतंच. झाडणं-पुसणं असायचं, पण त्यासाठी कोणीही बाई मिळाली असती. फोटो निघताना माणसाने हलायचं नसतं, आणि दोन वर्षांच्या पोराला काळोख्या खोलीत थंडगार फळीवर उघडं झोपवलं तर ते न हलून काय करणार? हललं की फोटो पुसट, फिल्म फुकट. म्हणून कोणी तरी पोर धरायचं. छत्तीस साली ती नवऱ्याच्या छातीचा फोटो काढायला त्याच्याबरोबर आली होती. आत कुणाचं तरी पोर बेंबीच्या देठापासून रडत होतं. ती न विचारता आत गेली, पोराच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले, कानाशी तोंड नेऊन काहीबाही बोलली आणि पोर गप्प झालं. नवऱ्याच्या फोटोत जे दिसायचं ते दिसलं आणि तो वर्षभरात गेला. पण त्या दिवशी डॉक्टरांनी तिला विचारलं, उद्यापासून येतेस का? तेव्हापासून दादर-परळचे डॉक्टर चिठ्ठीवर लिहून पाठवू लागले की पोर लहान आहे, आनंदीबाईकडे द्यावे. बायका दारातून विचारायच्या, "बाई आहेत ना आज?" त्या वेळी तिला जे वाटायचं ते तिने कुणाला कधी सांगितलं नाही. तिला गर्व वाटायचा. गिरणगावात तिच्यासारख्या विधवा पैशाला पासरी होत्या, पण पोर हातात घेतलं की रडायचं थांबतं अशी एकटी तीच.

आणि तो डगला. चिवड्याचा वास, मिरच्या कुटणाऱ्या दुकानांसमोरची शिंकाशिंक, सगळं मागे टाकत ती परळकडे चालू लागली तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे फक्त तो डगला होता. शिसं घातलेल्या रबराचा, काळा, गळ्यापासून गुडघ्यांपर्यंतचा, उचलताना कंबर मोडेल एवढा जड. धरणाऱ्याने तो घालायचा असतो असं जयवंतने तिला सांगितलं होतं. तिने दोन दिवस घातला. पोरं ओरडायची. त्यांच्या उघड्या अंगाला ते गार, गुळगुळीत रबर लागलं की ती जी बुजायची ती हातात ठरायचीच नाहीत. तिसऱ्या दिवशी तिने तो काढला, नीट चार घड्या घातल्या आणि बाहेरच्या बाकावर बैठक म्हणून टाकला. बाक थंड असायचा, फोटोला आलेल्या बायका ताटकळत बसायच्या, त्यांना बरं पडेल म्हणून. सात वर्षं लोक त्या डगल्यावर बसत होते. आणि श्रावणात, तिच्या बोटांना पडलेल्या चिरा भरेनाशा झाल्या आणि पोरांच्या झबल्यांना रक्ताचे डाग लागू लागले म्हणून तिच्या जागी सून, चंपा, जायला लागली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिने चंपाला कामाची मेख म्हणून हेच सांगितलं होतं. तो डगला घालू नको, पोरं बुजतात. नवरात्रात चंपाने लाजत सांगितलं की दोन महिने चुकले. लग्नाला पाच वर्षं झाली होती. आनंदीबाईने त्या दिवशी देवीपुढे नारळ फोडला होता आणि दुसऱ्या दिवशी चंपाला डबा देऊन पुन्हा दवाखान्यात पाठवलं होतं.

तिला भीती वाटत होती. पाय झपाझप पडत होते आणि डोकं मागे मागे चाललं होतं. रामदास झाला तो दवाखान्याच्या आधी. कामाला लागली त्या पावसाळ्यात तिला पुन्हा दिवस गेले होते, नवरा तेव्हा अंथरुणात होता, आणि तिसऱ्या महिन्यात सगळं वाहून गेलं होतं. शेजारच्या राधाबाईने कपाळाला हात लावून म्हटलं होतं, सुटलीस; आजारी माणसाचं पोर, जगून काय करणार होतं? ती सुटलेली नव्हती. ती चौथ्या दिवशी कामावर गेली होती आणि दुसऱ्याचं पोर धरून उभी राहिली होती, आणि ते गप्प झालं तेव्हा एकटीच रडली होती. वीस वर्षं तिने त्याचा दोष नवऱ्याच्या खोकल्याला दिला, आपल्या नशिबाला दिला, कुलदेवतेचा राहून गेलेला नवस म्हणून गावी जाऊन तो फेडूनही आली. आता तिला वाटलं, त्या फळीशेजारी उभं राहिल्यामुळे तर नसेल? आणि लगेच वाटलं, नसेलही. हे आता कोण सांगणार? हे न कळणंच तिला असह्य झालं. गेल्या वर्षी जानेवारीत गोळीबार झाला तेव्हा गॅलरीतून डोकावणाऱ्या एका पोरीच्या पोटरीत गोळी घुसली होती आणि तिला फोटोला आणली होती. गोळी नेमकी कुठे ते कळेना म्हणून सहा फोटो काढावे लागले. सहाही वेळा आनंदीबाईने तिचा पाय धरला होता. तेव्हा सगळ्या परळला माहीत होतं की गोळी लागते. रक्त दिसतं, आवाज होतो, लोक चिडतात. आवाज नसलेल्या गोष्टीवर माणसाने कसं चिडायचं?

जयवंत काळोख्या खोलीतून फिल्म झटकत बाहेर आला. "मावशी? चकल्या झाल्या वाटतं."

"चंपा खंय?"

"पडदे धुतेय मागे. पोरं साडेदहानंतर आहेत." त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि फिल्म दोरीला अडकवली. "काय झालं?"

"त्या विलायतेच्या भट्टीतलं आणि आपल्या मशीनमधलं एकच का रे?"

त्यानेही बातमी वाचली होती; कुठली भट्टी, हे त्याने विचारलं नाही. "एकच नाही," तो म्हणाला. "ते धुळीसारखं उडतं, पडतं, अंगात जाऊन बसतं. आपलं बटण बंद केलं की बंद. पण अंगाला जे करतं ते एकाच जातीचं." जात हा शब्द तोंडात आला की तो जरासा थांबायचा, तसा थांबला. "एकदम पुष्कळ झालं की लगेच दिसतं. रोज थोडं थोडं झालं तर वर्षांनी."

"पोटातल्या पोराला?"

"त्याला सगळ्यात जास्त. नव्या पुस्तकांत लिहितायत आता. गरोदर बाईने जवळसुद्धा थांबू नये." मग त्याला समजलं. तो स्टुलावर बसला. "चंपाला दिवस आहेत?"

"मशीन चालू असताना तू कुठे असतोस?" तिने विचारलं.

"शिशाच्या पडद्यामागे. बटण पडद्यामागेच असतं ना."

हे तिला एकवीस वर्षं माहीत होतं. डॉक्टर पडद्यामागे, मशीन चालवणारा पडद्यामागे, पोराची आई दाराबाहेर, आणि मशीनची गुणगुण सुरू झाली की खोलीत फक्त ती आणि पोर. तिला तो मान वाटायचा. "तू बोलला का नाहीस?" ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला लाज वाटली, कारण तो बोलला होता. त्याने तसं म्हटलं नाही. तो फक्त बाहेर गेला, बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याला उठवलं, डगला आणला आणि मशीनसमोरच्या, किरण पडले की उजळणाऱ्या काचेवर पसरून अडकवला. "दार लावा आणि इकडे पडद्याआड माझ्यामागे या." खोलीत काळोख झाला, त्याने बटण दाबलं. काचेच्या हिरवट उजेडात डगला काळा ठिक्कर दिसत होता, आणि त्यावर जिथे जिथे तिने घडी घातली होती तिथे तिथे उजेडाच्या रेघा होत्या, एक उभी, एक आडवी, आणि मधोमध जिथे त्या मिळत होत्या तिथे चांगली रुपयाएवढी फट. घातला असता तर ती फट बरोबर पोटावर आली असती. "आता ह्याचाही उपयोग नाही," जयवंत म्हणाला. तिच्या घड्या नेहमीच नीट असायच्या.

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी तिला बसायला सांगितलं, जे त्यांनी पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. "अहो, एवढ्या तेवढ्याने काही होत नाही. एकवीस वर्षं तुम्ही धरताय, तुम्हाला काय झालं?" तिने दोन्ही हात त्यांच्या टेबलावर ठेवले. नखं उभी चिरलेली, बोटांची कातडी चकचकीत, डाव्या मधल्या बोटावर वर्षभर न भरलेली जखम. ती आजवर सोड्याला दोष देत आली होती, मासळीच्या काट्यांना देत आली होती. डॉक्टरांनी चष्मा लावला. ते बोट उजेडाकडे वळवून पाहिलं. मग म्हणाले, "हे आधी दाखवायचं होतं." मग म्हणाले, "नवा डगला मागवतो. बाहेरून यायला दोन-तीन महिने लागतील."

"तोवर?"

"तोवर दुसरी बाई बघू. चंपाला घरी बसवा."

"दुसरीला काय पोट नसतं, साहेब?"

"मग पोराच्या आईला धरू दे."

"आईच्या पोटात बहुतेक दुसरं असतंच," आनंदीबाई म्हणाली.

डॉक्टर थोडे वैतागले. "मग धरायचं कोणी?"

"कोणीच नाही." हे तिने काही ठरवून म्हटलं नव्हतं, म्हटल्यावर तिला कळलं की आपण हेच म्हणायला आलो होतो. "मी बांधीन पोरांना. बाळंतिणीच्या खोलीत पोराला दुपट्यात कसं गुंडाळतात, हात-पाय आत, हलू म्हटलं तरी हलता येत नाही, तसं. मोठं असलं तर फळीला लुगड्याच्या पट्ट्यांनी. बाजूने वाळूच्या पिशव्या. आणि सगळ्यांनी बाहेर व्हायचं."

"ते रडेल."

"रडेल."

"तुमच्या हातात रडत नाहीत म्हणून लोक इथे येतात, आनंदीबाई."

तिने हात टेबलावरून काढून घेतले. शेवटी डॉक्टर म्हणाले, एक फोटो. दिवाळीच्या आधी एक फोटो तुमच्या पद्धतीने काढून पाहू. स्वच्छ आला तर तसं. पुसट आला तर दुसऱ्या दिवसापासून कोणी तरी धरणार, आणि त्यावर बोलणं नाही. ती हो म्हणाली.

घरी चंपाने दोन दिवस तोंड फुगवलं. तिसऱ्या दिवशी भांडी घासता घासता ती एकदम बोलली. "तुमी एकवीस वर्सां धरलास तेव्हा कोणाक काय आठावला नाय. आता लोक माका बाई म्हणूक लागले तर तुमका विलायतेचा दूध आठावला." त्यात खोटं काही नव्हतं. श्रावणापासून चंपाची चाल बदलली होती. घरी पाच वर्षं ती पाठीला पोक काढून वावरायची, वांझ म्हणून कोणी बोलायच्या आधीच मान खाली. आता ताठ चालायची. दारातून बायका तिला विचारायच्या, "बाई आहेत ना?" आनंदीबाईला सगळं समजत होतं, कारण तिने स्वतः त्याच चालीने एकवीस वर्षं काढली होती. "तुझी चूक नाय," ती म्हणाली. "मीच तुका सांगलंय डगला घालू नको म्हणान." चंपाने भांडं आपटलं. "मग आता पोरांक बांधून घालतलास? जनावरांसारखी?" रामदास मध्ये काही तरी म्हणायला लागला तर दोघींनी एकदम त्याला गप्प केलं. त्यानंतर आनंदीबाई कोपऱ्यात बसली आणि मांजरपाटाच्या पिशव्या शिवू लागली. दादरच्या चौपाटीवरून वाळू आणली होती, ती तिने तव्यावर परतून कोरडी केली. चिरलेल्या बोटांत सुई नीट धरता येत नव्हती. ती टाका चुकला की उसवत होती आणि पुन्हा घालत होती. रागावली नव्हती ती चंपावर. ह्या घरात ह्या पोराबद्दल आपल्याइतकीच भीती आणखी एकीला वाटते आहे आणि ती भांडी आपटते आहे, हे तिला दिसत होतं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी नायगावची एक बाई अडीच वर्षांची पोर घेऊन आली. पोरीला महिनाभर खोकला. आनंदीबाईने तिला मांडीवर घेतलं, नाव विचारलं, बत्तासा दिला, आणि गप्पा मारता मारता पाय गुंडाळले, कंबर गुंडाळली, हात डोक्यावर नेऊन फळीला पट्टी बांधली. तोवर पोर हसत होती. पिशव्या दोन्ही बाजूंना बसवल्या. मग आनंदीबाईने आपले हात उचलले आणि मागे सरली. पोरीला ते तेवढ्यात समजलं. तिचं तोंड वाकडं झालं. आनंदीबाई पाठ फिरवून बाहेर आली आणि दार लावलं.

आतून जो आवाज आला तो तिने एकवीस वर्षांत ऐकला नव्हता. बाकावरची सगळी माणसं तिच्याकडे बघू लागली. पोरीची आई उभी राहिली. "बाई, तुम्ही आत नाही?" चंपा भिंतीशी उभी होती, ती पुढे झाली आणि तिने कडीला हात घातला. आनंदीबाईने तिचं मनगट धरलं. "सोडा," चंपा म्हणाली. "घाबरलीहा ती. मी एक मिनिट धरतंय." आनंदीबाईने दुसऱ्या हाताने तिचा दंड धरला. बोटावरची जखम उघडली, तिला ते कळलं, तिने पकड सोडली नाही. आतली पोर आईला हाक मारत होती, मग नुसतीच ओरडत होती. आत जावं, कानाशी दोन शब्द बोलावेत, थांबेल ती, आत्ता थांबेल, असं आनंदीबाईच्या सगळ्या अंगाला वाटत होतं. "रडूंदे," ती म्हणाली. चंपाला की स्वतःला, कोण जाणे. जयवंत पडद्यामागे थांबला होता. ओरडून ओरडून पोरीने श्वास घ्यायला एक क्षण आवाज थांबवला, तेवढ्यात मशीनची गुणगुण झाली आणि संपली.

ती आत गेली आणि गाठी सोडू लागली. पोरीने मोकळा झालेला पहिला हात तिच्या तोंडावर मारला. उचलायला गेली तर पोर तिच्यापासून मागे सरली, आईकडे झेपावली आणि आईच्या खांद्यावरून तिच्याकडे असं बघत राहिली की ती नजर आनंदीबाईला दिवसभर सलणार होती. तिला फार वाईट वाटलं. तिने पट्ट्यांची गुंडाळी केली.

जयवंतने ओली फिल्म उजेडापुढे धरली. डॉक्टर वाकले, चंपा मागून डोकावली. बरगड्या एकेक मोजून घ्याव्यात इतक्या स्वच्छ होत्या. आनंदीबाई मात्र फिल्मच्या कडेला बघत होती. आजवरच्या प्रत्येक फोटोत, पोराच्या दोन्ही खांद्यांशी, तिच्या बोटांची हाडं असायची, फिकट, कांड्यांसकट; डॉक्टर हसत म्हणायचे, आनंदीबाईंची सही. श्रावणापासून तिथे चंपाची बोटं असायची, तिच्यापेक्षा बारीक. आज तिथे काही नव्हतं. दोन्ही कडा काळ्या होत्या.

"ठीक," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या पोराला बोलवायला सांगितलं.

चंपा हलली नाही. तिच्या दंडावर आनंदीबाईच्या बोटांचं रक्त लागलं होतं, ते तिने पुसलं नव्हतं. ती हळू म्हणाली, "आई, श्रावणापासून मी शंभरेक पोरां धरलंय. त्याचा काय?"

बरंच काही म्हणता आलं असतं. देवी आहे, काही होणार नाही, असं शेजारची राधाबाई म्हणाली असती. आनंदीबाईने सुनेच्या तोंडाकडे पाहिलं.

"माका ठाऊक नाय गो," ती म्हणाली. "कोणाकच ठाऊक नाय. पण आता एकपण धरूचा नाय. चल, पट्टी कशी बांधूची ती दाखवतंय."